टस्कनीत आठ रात्री: लक्झरी सुट्टीत नेमकं करायचं काय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की लग्नाला पंचवीस वर्षं होतायत, सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, दोघंच, आठ रात्री इटलीतली टस्कनी, बजेट सैल आहे, मिस्टर वाइन घेतात, तुम्ही पूर्ण शाकाहारी, गुडघ्यांमुळे फार चढउतार नको, आणि पिसाच्या मनोऱ्याला हात टेकवलेला फोटो सोडून तिथे लक्झरी म्हणून करायचं तरी काय. मी आपल्या लोकांच्या टस्कनीच्याच ट्रिप्स आखून देते, पोटापाण्याचा धंदाच तो आहे आणि वर्षातले काही आठवडे मी तिकडेच असते, त्यामुळे उत्तर लांबणार, पण लांबलेलंच बरं, कारण या भागात चुकीच्या जागी पैसे घालवणं फार सोपं आहे.

आधी मूळ मुद्दा सांगते. टस्कनीत पैशाने जी सगळ्यात भारी गोष्ट विकत मिळते ती म्हणजे वेळ. सकाळी गर्दीच्या आधीचा वेळ, संध्याकाळी टूरच्या बसेस परत गेल्यानंतरचा वेळ, आणि एखाद्या कारागिराचा किंवा वाइन करणाऱ्याचा फक्त तुमच्यासाठी ठेवलेला तासभर. आपल्याकडे काय होतं की रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस सगळं आठ दिवसांत कोंबतात, हॉटेल फाइव्ह स्टार घेतात आणि त्याला लक्झरी म्हणतात, पण रोज सकाळी बॅगा भरायच्या असतील तर ती हजार युरोची, म्हणजे आपल्या लाखभर रुपयांची रूम तुम्ही फक्त झोपायला वापरता. म्हणून मी सांगेन फक्त दोन मुक्काम, पाच रात्री वाल दोर्चा नावाच्या टेकड्यांच्या भागात, खेड्यात, आणि मग तीन रात्री फ्लॉरेन्स. दिवसाला एकच मोठी गोष्ट. बाकीचा दिवस मोकळा, अगदी मुद्दाम मोकळा.

आणि क्रम हाच ठेवा, आधी खेडं मग शहर, उलटा करू नका. कारण सप्टेंबरात इटली आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस तुम्हाला पहाटे चार-साडेचारलाच जाग येणार. शहरात असाल तर तो वेळ रूममध्ये छताकडे बघत जातो, पण वाल दोर्चात तीच वेळ सगळ्यात मोलाची, कारण दरीत धुकं साचलेलं असतं आणि टेकड्यांचे माथे, त्यावरची सायप्रसची झाडं आणि एखादं एकटं शेतघर एवढंच वर दिसतं. लोक त्यासाठी अलार्म लावून उठतात, तुम्हाला आपोआप जाग येईल.

वाल दोर्चा म्हणजे सिएना शहराच्या दक्षिणेचा ओर्चा नदीचा पट्टा, २००४ पासून युनेस्कोच्या यादीत. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते कारण यावरून माझ्याकडे आलेली माणसं हिरमुसलेली मी बघितली आहेत. इंटरनेटवरच्या त्या हिरव्यागार मखमली टेकड्या एप्रिल-मेमधल्या असतात, तेव्हा गहू उभा असतो. जूनमध्ये तो सोनेरी होतो, जुलैपर्यंत कापणी उरकते आणि सप्टेंबरात शेतं नांगरून ठेवलेली असतात, म्हणजे सगळीकडे राखाडी-तपकिरी मातीची ढेकळं. मला स्वतःला हा रंग फार आवडतो, तिरप्या उन्हात त्या मातीवर ज्या सावल्या पडतात त्या हिरव्या दिवसांत दिसतच नाहीत, पण हिरवंच हवं असेल तर तारीख बदला, मे महिन्यात जा. सप्टेंबरचा फायदा वेगळा आहे, द्राक्षतोड. तिथे तिला वेंदेम्मिया म्हणतात. आपल्या नाशिकला वाइनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्च तोडतात, इथे सप्टेंबर आणि ऑक्टोबरची सुरुवात, म्हणजे तुम्ही बरोब्बर त्यातच पोचता.

राहायचं कुठे. मोंताल्चिनोजवळ रोझवुड कास्तिलिओन देल बोस्को आहे, दोन हजार हेक्टरची इस्टेट, स्वतःच्या द्राक्षबागा, जुनं अख्खं खेडंच हॉटेल केलंय. बान्यो विन्योनीत आडलर थर्मे आहे, ते गरम पाण्याच्या कुंडांसाठी, आणि तुमच्या गुडघ्यांचा विचार केला तर मला तेच जास्त पटतंय. इस्टेट हॉटेलांचे सीझनमधले दर हजार युरोच्या वरच धरा. कुठलंही घ्या, पण सुइटवर पैसे घालवू नका, त्यापेक्षा दरीकडे तोंड असलेली साधी रूम घ्या आणि बुक करताना हे लिहून मागा, कारण ‘व्हॅली व्ह्यू’च्या नावाखाली पार्किंग दाखवणारी रूम मी बघितलेली आहे. वाचलेले पैसे ड्रायव्हरवर घाला.

हो, ड्रायव्हर. हा खर्च लोकांना जड वाटतो आणि नेमका हाच मी कधी काटू देत नाही. स्वतः गाडी चालवायची तर आयडीपी, म्हणजे आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट लागतं, रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला अर्धा ग्रॅम आहे म्हणजे वाइन टेस्टिंगनंतर मिस्टरांनी स्टिअरिंगला हात लावायचा प्रश्नच नाही, आणि तिसरी गोष्ट झेडटीएल. जुन्या गावांत आणि फ्लॉरेन्सच्या मध्यभागी ठराविक वेळात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, वर कॅमेरे असतात, कोणी अडवत नाही, आणि मग काही महिन्यांनी घरी बसल्या बसल्या भाड्याच्या गाडीच्या कंपनीकडून दंडाचा मेल येतो, शिवाय त्यांची प्रोसेसिंग फी वेगळी. परवानाधारक ड्रायव्हरच्या गाडीला तिथे एनसीसी म्हणतात, त्यांना बहुतेक ठिकाणी आत जाता येतं, आणि तुमच्यासाठी याचा अर्थ असा की मोंतेपुल्चानोसारखं चढावरचं गाव पायथ्यापासून चढत जावं लागत नाही. पाचातले तीन दिवस ड्रायव्हर घ्या, दोन दिवस हॉटेलातच राहा, पुरतं.

आता करायचं काय.

पहिल्या दिवशी काही नाही. खरंच काही नाही. मुंबईहून फ्लॉरेन्सला थेट विमान नाही, कुठेतरी बदलावंच लागतं. वाल दोर्चासाठी रोमला उतरणं सोपं, तिथून गाडीने अडीच तासांच्या आसपास. शिवाय फ्लॉरेन्सच्या एअरपोर्टची धावपट्टी आखूड आहे, वारं आलं की विमानं पिसा किंवा बोलोन्याला वळवतात, ती जोखीम पहिल्याच दिवशी कशाला घ्या. पोचा, कुंडात पाय सोडून बसा, झोपा.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या पहाटे हॉट एअर बलून. हवामानावर अवलंबून असतं आणि वारं असेल तर रद्द होतं, म्हणून ते मुक्कामाच्या सुरुवातीलाच लावायचं, म्हणजे पुढे ढकलायला दिवस हातात राहतात. गुडघ्यांचं आधी सांगून ठेवा, टोपलीत चढताना बाजूच्या खाचांत पाय ठेवून वर जावं लागतं आणि उतरताना धक्का बसतो, डॉक्टरांना विचारून ठरवा. नाही जमलं तरी हळहळायचं कारण नाही, सान क्विरिको आणि पिएन्झा या गावांच्या मध्ये व्हितालेताचं छोटंसं चॅपल आहे, ड्रायव्हरला पहाटे तिकडे न्यायला सांगा, तेच धुकं आणि तोच सूर्य जमिनीवरून दिसतो.

पिएन्झा बघाच, आणि संध्याकाळी बघा. हे मूळचं कोर्सिन्यानो नावाचं साधं खेडं, इथे जन्मलेला एनेआ सिल्व्हिओ पिक्कोलोमिनी १४५८ मध्ये पोप झाला, पायस दुसरा, आणि त्याने १४५९ पासून तीन-चार वर्षांत बेर्नार्दो रोस्सेल्लिनो या वास्तुकाराकडून गावाचा मध्यभाग नवा बांधून घेतला. आदर्श शहर कसं असावं याचे तेव्हाचे विचार प्रत्यक्षात उतरवलेली ही पहिली जागा, आणि इतकी छोटी की अर्ध्या तासात गाव संपतं. गाव बरंचसं सपाट आहे, हे तुमच्यासाठी महत्त्वाचं. पिक्कोलोमिनी वाड्याच्या मागे बाग आहे, तिथून समोर सगळी दरी आणि पलीकडे आमियाता डोंगर, हा जुना ज्वालामुखी, १७३८ मीटर. भागातली सगळी गरम पाण्याची कुंडं त्याच्याच पोटातल्या उष्णतेवर चालतात.

त्या कुंडांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आपल्या लोकांना हे फार आवडतं आणि माहिती अर्धवट असते. बान्यो विन्योनीत गावाच्या चौकाच्या जागी चक्क एक मोठं चौकोनी कुंड आहे, वाफा निघतायत, भोवती घरं आणि ओसरी, सिएनाची संत कॅथरिन आणि फ्लॉरेन्सच्या सत्ताधारी मेदिची घराण्यातला लोरेन्झो दोघंही इथे येऊन गेलेले. त्या चौकातल्या कुंडात उतरायला बंदी आहे, डुंबायचं ते हॉटेलांच्या कुंडांत. सातुर्नियाला उघड्यावर पांढऱ्या पायऱ्या-पायऱ्यांचे धबधबे आहेत, पाणी साडेसदतीस अंशाच्या आसपास, कायम, हिवाळ्यातही, आणि प्रवेश फुकट. फोटो बघून सगळे तिथे जातात, पण पाय ठेवायला दगड निसरडे आणि दुपारी मरणाची गर्दी, त्यामुळे तुम्हाला मी बाजूच्या थर्मल रिसॉर्टमध्येच पाठवेन, पाणी तेच. दोन बारीक गोष्टी लक्षात ठेवा. या पाण्यात गंधक असतं, चांदी काळी पडते, जोडवी आणि पैंजण रूमच्या तिजोरीत काढून ठेवा. आणि इटलीत बऱ्याच पूलमध्ये डोक्याला स्विमिंग कॅप सक्तीची असते, केस कितीही छोटे असले तरी, ती इथूनच घेऊन जा.

मिस्टरांचा दिवस, वाइनचा. मोंताल्चिनोची ब्रुनेल्लो ही शंभर टक्के सांजोवेझे द्राक्षाची, किमान दोन वर्षं लाकडात मुरवलेली, आणि द्राक्षतोडीनंतरचं पाचवं वर्ष उजाडल्याशिवाय बाजारात आणायला परवानगीच नाही. रिझेर्वा असेल तर आणखी एक वर्ष. म्हणजे तुम्ही जी द्राक्षं तोडताना बघणार त्यांची वाइन तुमच्या लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाच्या आसपास मिळेल, एका जोडप्याने हेच मनात धरून तिथे नाव नोंदवलं होतं आणि मला ती कल्पना फार गोड वाटली. माझा सल्ला असा की दिवसाला जास्तीत जास्त दोन वाइनरीज, एक जुनी नावाजलेली आणि एक छोटी घरगुती, आणि दोन्हीकडे आधी अपॉइंटमेंट घेऊन. चार-चार वाइनरीजची जी पॅकेजेस विकतात त्यात तिसरीनंतर जिभेला काही कळत नाही. तोडणीच्या दिवसांत मालक लोक खरोखर कामात असतात, तेव्हा वेळ पाळा, आणि द्राक्षं तोडायला हात लावू देतीलच असं धरू नका, कामगारांचे आणि विम्याचे नियम कडक आहेत, काही ठिकाणी पाहुण्यांसाठी वेगळी सोय असते, ती आधी ठरवावी लागते. तुम्ही पीत नसाल तर तुमचा दिवस फुकट जाईल असं समजू नका, तळघरातली ती माणसाच्या दुप्पट उंचीची लाकडी पिंपं, आंबणाऱ्या द्राक्षरसाचा वास आणि बहुतेक ठिकाणी स्वतःच्या ऑलिव्हच्या तेलाचं टेस्टिंग, हे सगळं बघण्यासारखं आहे. ताजं तेल मात्र ऑक्टोबरच्या मध्यानंतर निघतं, ते या खेपेला हुकेल. संध्याकाळी परतताना सांत’आंतिमोच्या ॲबीपाशी थांबा, ऑलिव्हच्या झाडांमध्ये एकटीच उभी आहे.

किआंती या वाइनच्या दुसऱ्या पट्ट्यात जायचं असेल तर ते फ्लॉरेन्सला जाताना वाटेत उरका. बार्जिनोला आंतिनोरींची वाइनरी आहे, २०१२ मध्ये उघडलेली, जवळजवळ पूर्ण टेकडीच्या पोटात बांधलेली, बाहेरून फक्त दोन आडव्या चिरा दिसतात. हे घराणं १३८५ पासून वाइनच्या धंद्यात आहे. आर्किटेक्चर आवडत असेल तर वाइन न पिताही बघण्यासारखी जागा.

आता शाकाहार, कारण तुमचा खरा काळजीचा मुद्दा हाच असणार. टस्कनीचं शेतकऱ्यांचं जेवण पावाचं, वालासारख्या पांढऱ्या बीन्सचं, भाज्यांचं आणि ऑलिव्हच्या तेलाचं आहे, उपाशी राहायची वेळ अजिबात येणार नाही. रिबोल्लिता म्हणजे बीन्स, काळसर कोबीची पानं आणि शिळा पाव घालून पुन्हा उकळलेलं दाट सूप. पाप्पा अल पोमोदोरो म्हणजे टोमॅटोत शिजवलेला पाव. पान्झानेल्ला म्हणजे भिजवलेल्या पावाची गार कोशिंबीर. वाल दोर्चाचा खास पदार्थ म्हणजे पिची, हाताने वळलेल्या जाड शेवया, पीठ आणि पाणी, बहुतेक ठिकाणी अंडं नसतं पण विचारून घ्या, आणि त्यावर आल्योने नावाच्या मोठ्या सौम्य लसणीची टोमॅटोची चटणी. तिथला पाव बिनमिठाचा असतो, पहिल्या घासाला फिका लागेल, तो जेवणाबरोबर खायचा आहे. पिसा-लिव्होर्नोकडे गेलात तर चेचिना मागा, हरभऱ्याच्या पिठाचं भट्टीतलं जाडसर धिरडंच ते.

पण चीज सांभाळा. पार्मिजानो रेज्जानो कायम जनावराच्या पोटातल्या रेनेटनेच, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या विरजणानेच करतात, नियमच तसा आहे, आणि पिएन्झाचं प्रसिद्ध पेकोरिनो, मेंढीच्या दुधाचं, तेही बऱ्याचदा तसंच. तुम्हाला हे चालत नसेल तर दुकानात ‘काल्यो वेजेताले’ विचारा, म्हणजे वनस्पतीपासून केलेलं विरजण, तसं पेकोरिनो करणारे लोकही आहेत आणि ते अभिमानाने दाखवतात. रिबोल्लितात कधी कधी डुकराच्या मांसाचा तुकडा परतून घेतलेला असतो आणि सूपचं पाणीही मांसाचं असू शकतं. फक्त ‘व्हेजिटेरियन’ म्हणालात तर मासे चालतात का असं हमखास विचारतील, म्हणून हॉटेलला आधीच इटालियनमधून सविस्तर मेल पाठवा की मांस नाही, मासे नाहीत, मांसाचा रस्सा नाही, अंडं आणि रेनेटचं काय ते, आणि तोच मजकूर फोनमध्ये ठेवून रोज वेटरला दाखवा. एक दिवस घरगुती कुकिंग क्लास लावा, पिची वळायला शिका. चपात्या लाटणाऱ्या हातांना ते पटकन जमतं, तिथल्या आज्या आपल्या बायकांवर खूश होतात हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय, आणि स्वतः केलेल्या जेवणात काय घातलंय हा प्रश्नच उरत नाही.

ट्रफल शोधायला कुत्र्यांबरोबर जंगलात जाणं हा दोघांनाही जमणारा कार्यक्रम आहे, ट्रफल म्हणजे जमिनीखाली झाडांच्या मुळांशी वाढणारी बुरशी, मश्रूमचीच जात, तुम्हालाही चालेल. लागोत्तो जातीचे कुरळ्या केसांचे कुत्रे वासावरून शोधतात आणि मालक छोट्या कुदळीने अलगद काढतो. पांढऱ्या ट्रफलचा खरा जोर ऑक्टोबर-नोव्हेंबरात असतो, सान मिनिआतोत नोव्हेंबरात त्याची मोठी जत्रा भरते, सप्टेंबरात थोडे मिळतात आणि काळे जास्त. दोन-अडीच तास, जमीन ओबडधोबड, काठी घेऊन जा. येताना ट्रफलचं तेल मात्र विकत घेऊ नका, बहुतेक बाटल्यांत कृत्रिम सुगंध असतो.

सिएनाला एक पूर्ण दिवस द्या, आणि इथे तुमच्या तारखा फार नशीबवान आहेत. सिएनाच्या कॅथेड्रलची फरशी म्हणजे संगमरवरात कोरलेली आणि जडवलेली पन्नासच्या वर चित्रं, चौदाव्या शतकापासून एकोणिसाव्यापर्यंत काम चाललं होतं. ही फरशी वर्षातला बराच काळ झाकून ठेवतात, लोकांच्या पायांनी झिजू नये म्हणून, आणि उन्हाळ्यातले काही आठवडे आणि साधारण ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उघडतात. तुम्हाला ती उघडी मिळेल. परवानाधारक गाइड घ्या, ऑडिओ गाइडवर भागवू नका, कारण कुठल्या चित्रात काय चाललंय हे सांगणारं माणूस नसेल तर दहा मिनिटांत तुम्ही बाहेर पडाल. पालिओची घोड्यांची शर्यत २ जुलै आणि १६ ऑगस्टला असते, ती तुम्हाला मिळणार नाही, पण गावातल्या सतरा वस्त्यांपैकी एखादीचं छोटं संग्रहालय आधी ठरवून बघता येतं, जिंकलेले झेंडे आणि पोशाख दाखवताना त्या वस्तीच्याच माणसाचा आवाज भरून येतो. ज्यांना जुलै-ऑगस्टमध्ये जायचंय त्यांनी शर्यतीच्या आदल्या रात्रीचं रस्त्यावरचं पंगतीचं जेवण जरूर बघा, काही वस्त्या बाहेरच्यांना जागा विकतात.

व्हेस्पाचं सुचवलं असतं, पण गुडघे बघता मागे बसूनही नको वाटतंय. त्याऐवजी जुन्या फियाट ५०० मधून टेकड्यांवर फिरायचं असतं, ड्रायव्हरसकट मिळते तीच घ्या. व्हेस्पाची आवड असेलच तर पोन्तेदेराला पियाज्जोचं म्युझियम आहे, १९४६ पासूनच्या गाड्या, तीच कंपनी जी आपल्या बारामतीला व्हेस्पा बनवते. पिसाला जाता-जाता होतं. पिसा स्वतः, एक सकाळ, बस.

फ्लॉरेन्सच्या तीन रात्री. उफित्सी आणि आकादेमिया ही दोन्ही म्युझियम्स सोमवारी बंद, हे तारखा ठरवतानाच बघा. उफित्सी एका दिवसात पूर्ण बघायचा हट्ट सोडा, गाइडला सांगा की पंधरा चित्रं दाखव आणि दोन तासांत बाहेर काढ. त्यालाच जोडून वासारी कॉरिडॉर घ्या, १५६५ मध्ये मेदिचींच्या घरातल्या लग्नासाठी पाच महिन्यांत बांधलेला, उफित्सीपासून पोन्ते व्हेक्क्योच्या दुकानांवरून नदी ओलांडून पित्ती राजवाड्याकडे जाणारा बंद मार्ग, बरीच वर्षं सर्वसामान्यांना बंद होता, डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडला. वेळेचं वेगळं तिकीट लागतं आणि थोड्याच लोकांना सोडतात, त्यामुळे हे आधी बुक करा. कॅथेड्रलच्या घुमटावर ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, तुम्ही ते सोडून द्या. संध्याकाळी टॅक्सीने सान मिनिआतो अल मोन्तेच्या चर्चपाशी जा, खालच्या प्रसिद्ध चौकापेक्षा गर्दी कमी आणि घुमट तिथूनच नीट दिसतो.

एक दुपार नदीपलीकडच्या ओल्त्रार्नो भागातल्या कारागिरांसाठी ठेवा. तळहाताएवढ्या रंगीत दगडांच्या कापट्या धनुष्यासारख्या करवतीने कापून चित्रं जुळवणारे लोक तिथे आजही आहेत, या कलेची मेदिचींनी १५८८ मध्ये उभारलेली सरकारी कार्यशाळा आजही शहरात आहे आणि तिचं म्युझियम फार कमी लोक बघतात. ब्रँडची बॅग मुंबईतही मिळते. इथे चामड्याची वस्तू घ्यायची असेल तर सांता क्रोचेच्या मागे फ्रान्सिस्कन साधूंच्या मठात दुसऱ्या महायुद्धानंतर अनाथ मुलांसाठी सुरू झालेली चामड्याच्या कामाची शाळा आहे, समोर बसून बनवताना बघा, नाव कोरून घ्या.

आणि एक जागा, जी मराठी माणसाने चुकवू नये असं मला मनापासून वाटतं. शहराच्या पश्चिमेला कास्चिने नावाची मोठी बाग आहे, तिच्या अगदी टोकाला, अर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमाजवळ, कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची छत्री आहे. महाराज इंग्लंडहून परत येत असताना आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये वारले, वय अवघं वीस. तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती, दहन करायची तिथे पद्धत नव्हती, तरी खास परवानगी मिळाली आणि दोन नद्यांच्या संगमावर आपल्या रीतीप्रमाणे अंत्यसंस्कार झाले. १८७४ मध्ये तिथे छत्री उभारली, आत रंगवलेला अर्धपुतळा, डोक्याला पागोटं, गळ्यात दागिने. फ्लॉरेन्सचे लोक त्या भागालाच ‘इंदियानो’ म्हणतात आणि जवळच्या मोठ्या पुलाचं नावही तेच. टुरिस्ट इकडे फिरकत नाहीत. दिवसाउजेडी टॅक्सीने जा, थांबवून ठेवा, अंधार पडल्यावर त्या बागेत जाऊ नका. मी ज्यांना ज्यांना पाठवलंय त्यातले बरेच जण फुलं घेऊन जातात.

बुकिंगचा क्रम. सप्टेंबर हा तिकडचा भर सीझन आहे, म्हणून आधी वाल दोर्चाचं हॉटेल, कारण चांगल्या दिशेच्या रूम्स मोजक्याच असतात, मग विमान, मग ड्रायव्हर आणि वाइनरीज, मग म्युझियमची तिकिटं सुरू झाली की लगेच ती. शेन्जेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळत नाहीत, मे संपायच्या आत उरका. खरेदीचं म्हणाल तर एका दुकानात सत्तर युरोच्या वर बिल झालं की टॅक्स रिफंडचा फॉर्म मागा, पासपोर्ट जवळ ठेवा. कागदावर व्हॅट २२ टक्के असला तरी फी कापून हातात बरंच कमी येतं. दुबई किंवा दोहामार्गे परत येणार असाल तर कस्टम्सची नोंद इटलीतल्याच एअरपोर्टवर आणि बॅगा चेक-इन करायच्या आधी करायची, म्हणून त्या दिवशी एअरपोर्टवर तासभर आधी पोचा.